मांसाहार कमी करताना प्रथिनांचा हिशेब कसा जुळवावा

मांसाहार कमी करायचा ठरवला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बहुतेकांचे घोडे अडते आणि त्याचे खापर जिभेवर फोडले जाते. खरा दोष मात्र ताटात मोकळ्या झालेल्या जागेचा असतो. मांसाचे तुकडे गेले, त्यांच्या जागी भात थोडा जास्त आला, ब्रेडचा एक काप वाढला, बटाटा आला. पोट तेवढ्यापुरते भरले, पण दुपारी चारच्या सुमारास भूक पुन्हा दारात उभी राहिली. मग ‘मांसाशिवाय पोटाला आधारच मिळत नाही’ असा निष्कर्ष काढून माणूस मूळपदावर येतो. त्याला कमी करायचे होते मांस, आणि नकळत कमी झाली प्रथिने. ही गल्लत कशी टाळायची, एवढाच या लेखाचा विषय आहे. मांस पूर्ण सोडणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण आठवड्यातून चार वेळांवरून एका वेळेवर येऊ पाहणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून तो मुख्यतः लिहिला आहे.

पहिली पायरी : आपला आकडा काढणे

निरोगी प्रौढ व्यक्तीला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञसमितीने २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद केले आहे. हा आकडा सरासरी गरजेचा नाही. सरासरी गरज ०.६६ ग्रॅम इतकीच आहे. तिच्यावर पुरेशी भर घालून जवळपास सर्व निरोगी प्रौढांची गरज भागेल अशी ही पातळी ठरवलेली आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम आणि ७५ किलोच्या व्यक्तीला सुमारे ६२ ग्रॅम प्रथिने पुरेशी ठरतात.

वनस्पतिजन्य प्रथिने प्राणिजन्य प्रथिनांपेक्षा थोडी कमी पचतात. त्यामुळे ज्यांच्या आहारातून मांसाचा मोठा हिस्सा जाणार आहे, त्यांनी किलोमागे सरळ १ ग्रॅम धरावा, असे माझे मत आहे. त्यात आकडेमोडही सोपी होते आणि थोडी सवडही राहते. पासष्टी ओलांडलेल्यांमध्ये स्नायू झिजण्याचा वेग वाढतो आणि प्रथिनांना मिळणारा प्रतिसाद मंदावतो, म्हणून त्यांच्यासाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवले जातात. नियमित कठोर व्यायाम करणाऱ्यांसाठी ही मर्यादा १.२ पासून २ ग्रॅमपर्यंत जाते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत नेहमीच्या गरजेवर रोज सुमारे ३० ग्रॅमची भर पडते, ती विसरून चालत नाही. वजन बरेच जास्त असेल, तर प्रत्यक्ष वजनाऐवजी आपल्या उंचीला साजेशा वजनावरून हिशेब करावा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र येथील कोणताही आकडा परस्पर लागू करू नये. त्यांच्यासाठी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

दुसरी पायरी : तीन दिवसांची नोंद

कमी करण्याआधी आपण काय खातो हे पाहायला हवे. तीन दिवस पुरतात. त्यातला एक सुट्टीचा असावा, कारण सुट्टीच्या दिवशीचे खाणे बहुधा निराळेच असते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्यावा आणि जे ताटात येते ते लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते आयुष्यभर करायचे नाही. एकदा डोळ्यांना अंदाज बसला की काटा कपाटात ठेवून द्यायचा.

नोंद करताना दोन चुका जवळजवळ प्रत्येकाकडून होतात. पहिली म्हणजे मांसाचे वजन आणि त्यातील प्रथिने यांची सरमिसळ. दीडशे ग्रॅम मांस खाल्ले म्हणजे दीडशे ग्रॅम प्रथिने खाल्ली असे होत नाही. शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीच्या मांसात सुमारे ३१ ग्रॅम प्रथिने असतात, उरलेला बराचसा भाग पाण्याचा असतो. दुसरी चूक अधिक लबाड आहे. कच्चे आणि शिजलेले यांचे आकडे वेगळे असतात, आणि आपण एकाचे वजन घेऊन दुसऱ्याचा आकडा लावतो. तेच चिकन कच्चे असताना १०० ग्रॅममागे २२-२३ ग्रॅम प्रथिने देते, कारण शिजताना पाणी निघून जाते. डाळी आणि कडधान्यांत याच्या नेमके उलट घडते. कोरड्या मसुरात १०० ग्रॅममागे २४-२५ ग्रॅम प्रथिने असतात, पण तेच मसूर पाणी पिऊन फुगले की १०० ग्रॅममागे ९ ग्रॅमच उरतात. पाकिटावरचा पंचवीसचा आकडा पाहून वाटीभर शिजलेले मसूर खाणाऱ्याला आपण पंचवीस ग्रॅम प्रथिने घेतली असे वाटते, आणि पोटात गेलेली असतात जेमतेम चौदा-पंधरा. मांसाहार कमी करून अशक्तपणा आल्याच्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी एवढाच हिशेबाचा घोळ सापडेल.

नोंद पूर्ण झाली की बहुतेकांना एक सुखद आश्चर्याचा धक्का बसतो. रोजच्या प्रथिनांतला बराच वाटा मांसाखेरीज इतर पदार्थांतून येत असतो. गव्हाच्या १०० ग्रॅम पिठात १२-१३ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८ ग्रॅम, एका मध्यम अंड्यात ६ ग्रॅम. समजा दिवसाची बेरीज ७५ ग्रॅम आली, त्यातले ३५ मांसाचे निघाले आणि गरज ६० ग्रॅमची आहे. तर भरून काढायची तूट वीसच ग्रॅमची उरते. हा आकडा कागदावर लिहून ठेवावा. पुढचे सगळे काम या आकड्याभोवती फिरणार आहे.

तिसरी पायरी : तूट कशाने भरायची

‘अमुक पदार्थात प्रथिने भरपूर’ अशा याद्या सगळीकडे मिळतात आणि त्या बहुधा दिशाभूल करतात, कारण त्या प्रथिनांसोबत किती कॅलरी पदरात पडतात हे सांगत नाहीत. आपण ३० ग्रॅम प्रथिनांचे माप घेऊन पाहू. चिकनमधून ती मिळवायला १०० ग्रॅमच्या आतबाहेर मांस आणि सुमारे १६५ किलोकॅलरी लागतात. टणक टोफूतून मिळवायची तर दोनशे ग्रॅमच्या आसपास टोफू आणि अडीचशे किलोकॅलरी. शिजलेल्या मसुरातून मिळवायची तर ३३० ग्रॅम मसूर आणि सुमारे ३८० किलोकॅलरी. शेंगदाण्यांतून मिळवायची तर ११५-१२० ग्रॅम दाणे आणि साडेसहाशेहून अधिक किलोकॅलरी. बदामांतून ती आठशेच्या पुढे जातात. आणि शिजलेल्या पांढऱ्या भातातून मिळवायची म्हटली तर अकराशे ग्रॅम भात खावा लागेल, जे कोणी करणार नाही.

या तुलनेतून कोणत्या पदार्थाला ताटात कोणती जागा द्यायची ते आपोआप ठरते. मांसाची मधली जागा घेण्याची पात्रता सोयाबीन आणि त्याचे पदार्थ, इतर कडधान्ये व डाळी, आणि चालत असतील तर अंडी व दूध-दही यांच्याकडेच आहे. सोयाबीनचे स्थान यात वेगळे आहे. कोरड्या सोयाबीनमध्ये १०० ग्रॅममागे ३६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात आणि तेल काढून घेतलेल्या सोया चंक्समध्ये हे प्रमाण ५० ग्रॅमपर्यंत जाते. ६० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवले की मोठा वाडगा भरतो आणि त्यात ३० ग्रॅम प्रथिने अवघ्या दोनशे किलोकॅलरीत मिळतात. सोयामुळे पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होतो ही भीती फार पसरलेली आहे. नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची पातळी घटत नाही, असेच अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसून आले आहे. ज्यांना थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिन सुरू आहे त्यांनी मात्र गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोया त्या औषधाच्या शोषणात अडथळा आणते.

दाणे, बदाम, तीळ, भोपळ्याच्या बिया यांना मी मदतनीस म्हणेन. भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम प्रथिने असतात हे खरे, पण १०० ग्रॅम बिया कोण खातो? मूठभर टाकल्या की सात-आठ ग्रॅमची भर पडते आणि तेवढीच अपेक्षा त्यांच्याकडून ठेवावी. चीजचेही तसेच: प्रथिने २५ ग्रॅमच्या आसपास, पण कॅलरी चारशे. पालक, ब्रोकोली, मशरूम यांना प्रथिनांचे स्रोत म्हणून मिरवले जाते, त्याकडे दुर्लक्ष करावे. मशरूममध्ये १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचे खरे काम चवीचे आहे, आणि ते पुढे येईलच.

एक फसवी जागा दुधाच्या पर्यायांची. सोया दुधाच्या पेल्यात गाईच्या दुधाइतकीच, म्हणजे सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात. बदामाच्या किंवा तांदळाच्या ‘दुधात’ मात्र पेल्यामागे साधारण एक ग्रॅम. दिसायला दोन्ही पांढरी, पाकिटेही सारखीच देखणी. पाकिटाच्या मागची बाजू वाचल्याशिवाय ते घेऊ नये.

अपूर्ण प्रथिनांची भीती

प्रथिने वीस अमिनो आम्लांपासून बनतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. तृणधान्यांत त्यांपैकी लायसिन कमी असते, कडधान्यांत गंधकयुक्त मेथिओनिन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते, म्हणून ही दोन एकत्र खावीत, असा सल्ला दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्याचा एकेकाळी नको इतका बाऊ झाला. १९७१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आणि अफाट खपलेल्या एका पुस्तकाने प्रत्येक जेवणात ही जोडी मोजूनमापून जमवायला सांगितले. १९८१ च्या आवृत्तीत लेखिकेने स्वतःच ते मत मागे घेतले. शरीरात मुक्त अमिनो आम्लांचा साठा सतत फिरता असतो, त्यामुळे सकाळी धान्य आणि संध्याकाळी कडधान्य पोटात गेले तरी काम भागते.

लक्ष ठेवायचे ते एका लायसिनवर. प्रौढाला किलोमागे रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लायसिन लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिलिग्रॅम. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात जेमतेम शंभर मिलिग्रॅम असते, त्यामुळे नुसत्या भातावर ही गरज भागवायची तर पावणेदोन-दोन किलो भात लागेल. शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात मात्र सहाशेहून अधिक मिलिग्रॅम असते. दोनशे ग्रॅम मसुरात दोन तृतीयांश काम झाले. म्हणून नियम एवढाच लक्षात ठेवावा, की रोज निदान दोन वेळा डाळ, कडधान्य किंवा सोया पोटात गेले पाहिजे. जे गव्हाच्या ग्लूटेनपासून केलेल्या ‘नकली मांसा’वर भिस्त ठेवतात त्यांना हा नियम अधिकच लागू आहे, कारण त्या पदार्थात प्रथिने भरपूर आणि लायसिन अगदीच कमी असते.

चौथी पायरी : कोणते मांस आधी कमी करायचे

सॉसेज, हॅम, बेकन, सलामी यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसापासून सुरुवात करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली या मांसाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे त्या वेळी सांगण्यात आले. पहिल्या गटात तंबाखूही आहे म्हणून दोन्ही सारखेच घातक, असा अर्थ काहींनी काढला, तो बरोबर नाही. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे मोजमाप सांगत नाही. तरीही हे मांस सर्वांत आधी सोडावे, कारण त्यातून मिळणारी प्रथिने थोडी असतात आणि ती भरून काढणे सोपे असते. न्याहारीतल्या दोन सॉसेजच्या जागी दोन अंडी किंवा दह्याचा वाडगा आला तर हिशेबात फारसा फरकही पडत नाही.

दुसरा टप्पा खिम्याचा. खिमा हा मांसाहार कमी करू पाहणाऱ्याचा सर्वांत मोठा मित्र आहे, कारण त्यात भेसळ सहज खपते. अर्धा खिमा आणि अर्धे शिजवलेले तपकिरी मसूर किंवा भिजवून पिळलेले सोया ग्रॅन्यूल्स एकत्र परतले तर घरातल्या संशयी माणसालाही पहिल्या घासाला फरक कळत नाही. पुढच्या वेळी प्रमाण एकास दोन करावे. शिवाय मांसाचा स्वाद मसुरांत उतरतो, त्यामुळे जीभ हळूहळू मसुरांशीच जुळवून घेते.

त्यानंतर आठवड्यातले ठरावीक दिवस बिनमांसाचे करावेत. दर आठवड्याला एक जेवण बदलले तर दोन महिन्यांत आठ जेवणे बदलतात, आणि हा वेग मला योग्य वाटतो. एका झटक्यात सगळे बदलणारे लोक पोटाच्या तक्रारींनीच माघार घेतात. कडधान्यांतले रॅफिनोज आणि स्टॅकिओज हे शर्करेचे प्रकार आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात आणि त्यांतून वायू तयार होतो. रोज पाव वाटीपासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वाटीभरापर्यंत गेले तर बहुतेकांना हा त्रास पुष्कळ कमी होतो. पाणीही वाढवावे, कारण तंतुमय पदार्थ वाढले आणि पाणी तेवढेच राहिले तर बद्धकोष्ठता होते.

पाचवी पायरी : कडधान्ये नीट शिजवणे

हा भाग लोक उरकून टाकतात, आणि खरी मेख इथेच आहे. अर्धवट शिजलेला, दाताखाली कचकन तुटणारा दाणा एकदा ताटात आला की घरातली माणसे महिनाभर कडधान्याचे नाव काढू देत नाहीत.

हरभरा, राजमा, चवळी यांसारखे टणक दाणे आठ ते बारा तास भिजवावेत आणि भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन चहाचे चमचे मीठ घालावे. मिठाने दाणा टणक राहतो हा समज उलटा आहे. दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातले सोडियम त्यांची काही जागा घेते आणि साल सैल पडते. दाणा टणक ठेवणारा खरा पदार्थ म्हणजे आंबट: टोमॅटो, लिंबू, चिंच, व्हिनेगर. हे सर्व दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावे. मी एकदा घाईत टोमॅटो आधी घातले आणि पुढचे दोन तास भांड्यासमोर उभे राहून पाणी ओतत बसले; टोमॅटोचा लगदा झाला, दाणे होते तसेच. पाणी जड असेल तरी हेच होते, आणि वर्ष-दीड वर्षाचे जुने दाणे तर कशालाच बधत नाहीत. शिजला की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून दाबावा. आतून पिठासारखा फुटला आणि मधोमध खडा लागला नाही, तर झाला. एकच दाणा पाहून थांबू नये, निदान चार-पाच पाहावेत.

राजम्याबाबत एक इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्च्या दाण्यांनीही काही तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. भिजवलेले पाणी टाकून द्यावे, नवे पाणी घ्यावे आणि ते खळखळून उकळल्यावर कमीत कमी दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास उकळत ठेवावे. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट शिजवू नये. तिथले तापमान उकळबिंदूपर्यंत पोचत नाही आणि विष तसेच राहते. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवलेला राजमा सुरक्षित असतो, आणि डब्यातला आधीच शिजलेला असतो.

आठवड्यातून एकदा अर्धा किलो कडधान्य शिजवून दोन-दोनशे ग्रॅमचे डबे गोठवून ठेवले, तर हाताशी काही नाही म्हणून मांसाकडे वळण्याची वेळ येत नाही. डबाबंद कडधान्येही चांगलीच; चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुतली की त्यांतले बरेचसे मीठ निघून जाते.

टोफू आणि सोया चंक्स

टोफूला बेचव म्हणून नाके मुरडली जातात, त्याचे कारण बहुधा पाणी असते. पाकिटातून काढलेला टोफू स्वच्छ कापडात गुंडाळून वर जड भांडे ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे दाबावा. कापड ओलेचिंब होते. मग त्याच्या फोडी करून मीठ लावावे, कॉर्नफ्लोअरचा पातळ थर चढवावा आणि तापलेल्या तव्यावर न हलवता चार मिनिटे ठेवाव्यात. न हलवता, हे महत्त्वाचे. फोड तव्याला चिकटलेली दिसली तरी ती उचकटू नये. खालची बाजू खरपूस झाली की ती आपणहून सुटते. आणखी मांसल पोत हवा असेल तर टोफू आख्खाच गोठवावा, वितळवावा आणि मग पिळावा. बर्फाच्या स्फटिकांनी आत जाळी पडते, टोफू स्पंजासारखा होतो आणि रस्सा शोषून घेतो.

सोया चंक्स गरम पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा गार पाण्यात घालून पुन्हा पिळावेत. पहिले पाणी फेकून दिले की त्यांचा तो विशिष्ट वास बराच जातो.

मांसाची चव म्हणून आपण जी ओळखतो, तिचा मोठा भाग खरपूसपणा, ग्लुटामेट (जिभेला भरीव, रसरशीत चव देणारा घटक) आणि मीठ-मसाल्यांचा असतो. मशरूम पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परतणे, टोमॅटोचा गर तेलात गडद होईपर्यंत भाजणे, कांदा घाई न करता लालसर करणे आणि शेवटी सोया सॉसचे काही थेंब, एवढ्याने कडधान्याचा रस्सा पार बदलतो.

प्रथिनांबरोबर आणखी काय निघून जाते

मांसातून प्रथिनांखेरीज बी-१२ जीवनसत्त्व, लोह आणि जस्त मिळत असते. त्यांतले बी-१२ सर्वांत नाजूक. वनस्पतिजन्य अन्नात ते भरवशाच्या प्रमाणात नसते. समुद्रशैवाल आणि स्पिरुलिना यांच्या पाकिटांवर त्याचे आकडे छापलेले असले तरी त्यांत बहुतांश शरीराला निरुपयोगी असे त्याचे तोतया रूप असते. प्रौढाला रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम लागते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा उघडकीला येते, आणि तोवर हातापायांना मुंग्या, थकवा, विस्मरण असे मज्जातंतूंचे त्रास सुरू झालेले असू शकतात. नियमित दूध आणि अंडी खाणाऱ्यांनी रक्ततपासणी करून घ्यावी. प्राणिजन्य सर्वच सोडणाऱ्यांनी तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळी सुरू करावी. येथे चालढकल नको.

लोहाचा प्रश्न शोषणाचा आहे. मांसातले लोह शरीर सहज उचलते, वनस्पतींतले तितके उचलत नाही. कडधान्यासोबत लिंबू, ढोबळी मिरची, संत्रे असे क जीवनसत्त्वाचे काही घेतले की शोषण वाढते, आणि जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली की ते घटते. तासाभराचे अंतर ठेवावे. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. जस्ताला कडधान्यांतले फायटेट अडवते, आणि भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी फायटेट कमी होते. मासे सोडत असाल तर आहारात जवस आणि अक्रोड आणा, आणि मीठ आयोडीनयुक्तच वापरा.

एका दिवसाची बेरीज

६० किलोच्या आणि ६० ग्रॅमचे लक्ष्य ठेवलेल्या व्यक्तीचा मांसाशिवायचा एक दिवस असा मांडता येईल. सकाळी ५० ग्रॅम ओट्स, २५० मिलिलिटर दूध किंवा सोया दूध आणि चमचाभर भोपळ्याच्या बिया, मिळून १८-१९ ग्रॅम. दुपारी २०० ग्रॅम शिजलेले मसूर, दीडशे ग्रॅम भात आणि भाजी, मिळून २४. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे, ६. रात्री १२० ग्रॅम टणक टोफू आणि ब्रेडचे दोन काप, मिळून २२-२३. बेरीज सत्तरच्या वर जाते. संध्याकाळचे दाणे राहिले तरी लक्ष्य गाठलेले असते.

या मांडणीत मुख्य तीनही खाण्यांत प्रथिने साधारण सारखी वाटलेली आहेत. न्याहारीला पाच आणि रात्री पन्नास अशी विभागणी करणाऱ्यांना दुपारी भूक सतावते, आणि वृद्धांच्या स्नायूंना तर प्रत्येक जेवणात २५-३० ग्रॅम मिळालेले अधिक मानवतात. त्यांच्यासाठी याच दिवसातले मसूर आणि टोफू थोडे वाढवावेत आणि न्याहारीत एक अंडे किंवा दही घालावे. लहान मुलांची अडचण वेगळी असते: पोट लहान, त्यामुळे तंतुमय पदार्थांनी ते लवकर भरते. त्यांना टोफू, अंडी, दही, साल काढलेली डाळ आणि दाण्यांचे कुटलेले लोणी असे आटोपशीर पण भरीव पदार्थ द्यावेत. अख्खे दाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने पाच वर्षांखालील मुलांना ते देऊ नयेत.

महिना उलटला की वजनकाटा पुन्हा बाहेर काढून तीन दिवसांची तीच नोंद करावी. बेरीज लक्ष्याच्या खाली आली, तर कोणत्या खाण्यात दहा ग्रॅमपेक्षा कमी प्रथिने आहेत ते शोधावे. बहुधा ती न्याहारी निघते, आणि तिथे एक पेला सोया दूध किंवा एक अंडे वाढवले की तूट बरीचशी भरून निघते. बेरीज जुळत असूनही सतत थकवा वाटत असेल, केस गळत असतील किंवा व्यायामातली ताकद घटली असेल, तर प्रथिने आणखी वाढवत बसू नये. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि बी-१२ तपासून घ्यावे.